बिनपगारी समन्वयकाचा खर्च कोण भरतो?

विद्यापीठातल्या आणि महाविद्यालयांतल्या कलामंडळांसाठी एक विद्यार्थी समन्वयक नेमावा आणि त्याला मानधन द्यावे, अशी सूचना कोणी केली की आपल्याकडे ठरलेले भांडण सुरू होते. एक पक्ष म्हणतो, कलेत पैसा शिरला की कला संपली. आम्ही नाही का रात्र रात्र जागून, वडापावावर दिवस काढून एकांकिका उभ्या केल्या? दुसरा पक्ष तितक्याच तावातावाने श्रम, शोषण आणि हक्क यांची भाषा बोलतो आणि नेपथ्याचा खिळा ठोकणाऱ्यापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला मोबदला मिळाला पाहिजे असा आग्रह धरून मूळ सूचनाच अशक्य करून टाकतो. दोन्ही पक्ष कलावंताविषयी बोलत असतात. समन्वयक नेमके काय करतो, त्यात त्याचे किती तास जातात आणि ते तास कोणाला परवडतात, हा प्रश्न बाजूलाच राहतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. हे पद मानधनाचेच असले पाहिजे, ते मानधन तासांच्या हिशेबाने दिले पाहिजे आणि त्या पदावरच्या विद्यार्थ्याची निवड कार्यालयाने न करता कलामंडळांनी केली पाहिजे. बिनपगारी पद फुकट असते हा निव्वळ भ्रम आहे. त्याचा खर्च कोणीतरी भरतच असतो, आणि ज्याला तो भरता येत नाही तो त्या पदाच्या वाटेलाच जात नाही.

आधी काम पाहू. पावसाळ्यात स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. संगीत, नृत्य, वाङ्मय, नाट्य आणि ललितकला अशा पाच गटांत युवक महोत्सव विभागलेला असतो आणि प्रत्येक गटात अनेक प्रकार असतात. त्यातला लोकसंगीत वाद्यवृंदाचा एकच संघ घ्या. संबळ वाजवणारा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला, हलगीवाला विज्ञानाचा, तुतारी फुंकणारा दुपारच्या सत्रातला. विज्ञानवाल्याची प्रात्यक्षिके सांभाळून तिघांची एक वेळ काढायची आणि त्या वेळेला तालमीची खोली मिळवायची. खोलीसाठी अर्ज करायचा, अर्जावर विभागप्रमुखांची शिफारस घ्यायची, विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांची सही, मग प्राचार्यांची सही, मग जावक क्रमांक, आणि शेवटी एक प्रत फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला, कारण संध्याकाळनंतर शिक्का पाहिल्याशिवाय तो कोणाला आत सोडत नाही. प्रत्येक स्पर्धकाचे बोनाफाईड, ओळखपत्राची प्रत, मागच्या वर्षाची गुणपत्रिका. एकांकिका असेल तर लेखकाचे परवानगीपत्र आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून आणण्याचे वेगळे काम. यातले कुठलेही काम कलेचे नाही, पण यातले एक जरी राहिले तरी संघ रंगमंचावर जात नाही. महिनाभर घाम गाळून बसवलेली एकांकिका एका बोनाफाईडावाचून बाद होताना ज्याने पाहिली आहे, त्याला या कामाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

यात पैशाचा भाग आणखी वेगळा आहे. वाद्ये न्यायला टेम्पो ठरवायचा तर कार्यालय तीन दरपत्रके मागते. गावातला टेम्पोवाला कोऱ्या कागदावर आकडा लिहून देतो. त्याच्याकडे जीएसटी क्रमांक नसतो, छापील पावतीपुस्तक नसते, आणि पैसे बिल मंजूर झाल्यावर खात्यावर येतील हे ऐकल्यावर तो सरळ हात जोडतो. मग समन्वयक स्वतःच्या खिशातून त्याला पैसे देतो. प्रयोगाच्या दिवशी लागणारी गॅफर टेप, रंगभूषेचे सामान, ऐनवेळी तुटलेली मायक्रोफोनची वायर, मुलांचा चहा-नाश्ता, हे सगळे याच मार्गाने जाते. बिले जोडून अर्ज केला जातो, त्यातली काही ‘नियमात बसत नाहीत’ म्हणून परत येतात आणि उरलेल्यांचे पैसे मिळेपर्यंत पुढचे सत्र उजाडलेले असते. तेव्हा आज आपण ज्या पदाला बिनपगारी म्हणतो, ते प्रत्यक्षात पदरमोडीचे पद आहे. त्यावर बसणारा विद्यार्थी विद्यापीठाला बिनव्याजी उसने पैसे देत असतो. हे करायला कोण पुढे येईल? ज्याच्या घरून महिन्याला हातखर्चाला बऱ्यापैकी पैसे येतात, ज्याचे घर महाविद्यालयापासून दहा मिनिटांवर आहे आणि ज्याला रात्री उशिरा परतल्यावर ताट वाढून ठेवलेले मिळते तोच. त्याचा यात काही दोष नाही. पण त्याच्या निवडीला आपण ‘आवड’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या न येण्याला ‘आवड नसणे’ म्हणतो, हे मात्र चूक आहे.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करतो. महाराष्ट्रातली विद्यार्थी रंगभूमी स्वयंस्फूर्तीवर उभी राहिली हे खरे आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक भरवते आहे. भरत नाट्य मंदिरात त्या दिवसांत जो जल्लोष असतो तो कुठल्याही मानधनाने विकत घेता येणार नाही. राज्यभरातल्या एकांकिका स्पर्धांतून पुढे आलेल्या लेखक-दिग्दर्शक-नटांची यादी करायला बसले तर आजच्या मराठी रंगभूमीचा मोठा भाग त्यात येईल, आणि त्यातल्या कोणाच्याही महाविद्यालयात मानधनावरचा समन्वयक नव्हता. मग आजवर अडले नाही ते आताच का अडावे? प्रश्न रास्त आहे. शिवाय त्या स्वयंस्फूर्तीत एक शिक्षण होते हेही नाकारता येत नाही: परवानगीसाठी खेटे घालणारा, वर्गणी गोळा करणारा, वॉचमनकाकांशी गोड बोलून अर्धा तास जास्त मिळवणारा मुलगा व्यवहारात तयार होत होता. त्या काळाबद्दल ज्यांना जिव्हाळा आहे त्यांची चेष्टा करण्यात मला रस नाही.

पण ‘अडले नाही’ हे कोण सांगते आहे? ज्यांचे अडले नाही तेच. ज्याला साडेसातची शेवटची एसटी पकडायची होती आणि म्हणून जो दुसऱ्या आठवड्यात तालमीला यायचा बंद झाला, त्याने आठवणी लिहिलेल्या नाहीत. ज्या मुलीला घरून संध्याकाळी सहानंतर थांबायला परवानगी नव्हती आणि तालीम कायम सातलाच ठेवली जात होती, तिचे नाव कुठल्या करंडकावर कोरलेले नाही. यशस्वी झालेल्यांच्या आठवणींवरून व्यवस्थेची परीक्षा करण्याची आपली सवय जुनी आहे. आणि दुसरी गोष्ट, विद्यार्थ्यांची घडण बदलली आहे. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणांहून येणारी, कुटुंबातली पहिलीच पदवीपर्यंत पोचलेली, सकाळी वर्ग आणि दुपारनंतर दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामावर असणारी मुले-मुली आज मोठ्या संख्येने महाविद्यालयांत आहेत. त्यांच्या गाण्यात, नाचात, भारुडात, पोवाड्यात जे आहे ते कलामंडळांना हवेच असते. लोककलेच्या स्पर्धेला त्यांनाच पुढे केले जाते. मात्र कलामंडळ कुठल्या स्पर्धेला जाणार, तालीम कधी ठेवणार, पैसे कशावर खर्च करणार, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर ती दिसत नाहीत. त्या खुर्चीवर बसण्यासाठी लागणारे तास त्यांनी आधीच दुसऱ्याला विकलेले असतात.

पैशाने प्रेम आटते, या समजुतीचेही जरा परीक्षण करू. महोत्सवात गायकाला साथ करणाऱ्या तबलजीला बिदागी मिळते. नाटक बसवायला बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाला मानधन मिळते. प्रकाशयोजना करणारा, रंगभूषाकार, ध्वनियंत्रणावाला, मंडपवाला, जेवणाचा ठेकेदार, परीक्षक, उद्घाटनाला आलेले पाहुणे, या प्रत्येकाच्या हाती काही ना काही पाकीट पडते आणि त्यामुळे तबलजीचे लयीवरचे प्रेम कमी झाल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. या सगळ्यांना फोन करून, वेळेवर आणून, त्यांची पाकिटे तयार ठेवणारा जो एक विद्यार्थी आहे, फक्त त्याच्याच बाबतीत पैशाने प्रेम आटण्याची भीती का वाटावी? आपल्याकडे त्यागाची जी मोठी उदाहरणे दिली जातात तीही जरा नीट पाहावीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी २० वर्षांची बांधिलकी पत्करली ती दरमहा ७५ रुपयांवर. बाहेर त्यांना याच्या कितीतरी पट मिळाले असते, आणि त्याग होता तो तिथे. आजीव सदस्यांनी पगारच घेऊ नये असा नियम त्या संस्थेने केला नाही, कारण पगार नसता तर ज्यांच्याकडे वतन किंवा वाडा होता तेवढेच शिक्षक उरले असते. १८९० मध्ये टिळक त्या संस्थेतून बाहेर पडले, त्यामागच्या अनेक कारणांत आजीव सदस्यांनी संस्थेबाहेर कमाई करावी की नाही हेही एक कारण होते. म्हणजे त्या पिढीत पैशावरून कडाक्याचे वाद झाले, पण ते किती घ्यावे आणि कुठून घ्यावे यावर झाले. ‘घ्यावेच कशाला’ ही सोवळी भूमिका आपण नंतर त्यांच्या नावावर चढवली.

इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये ही सोवळी भूमिका दीडशे वर्षे नांदली. पैसे न घेता खेळणारे ते ‘जंटलमेन’ आणि घेणारे ते ‘प्लेअर्स’. दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारे वेगळी, धावफलकाच्या कागदावर एकाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि दुसऱ्याची नंतर. १९५० मध्ये लॉर्ड्सवर कोवळ्या फ्रेड टिटमसची आद्याक्षरे चुकून आडनावाच्या आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून जाहीर दुरुस्ती करण्यात आली. गंमत अशी की जंटलमेनांचे शिरोमणी डब्ल्यू. जी. ग्रेस ‘खर्चा’च्या नावाखाली आणि निधीच्या रूपाने बहुतेक व्यावसायिकांपेक्षा जास्त कमावत होते. १९६२ मध्ये हा भेद एकदाचा मोडीत निघाला आणि खेळावरचे प्रेम त्यानंतर संपले असे दिसत नाही. हौशीपणाच्या शुद्धतेचा आग्रह धरणारी व्यवस्था पैसे देत नसते असे मुळीच नाही. ती ते ज्यांना आधीच गरज नाही अशांना आडवाटेने देते. आपल्याकडे संघव्यवस्थापकाचा प्रवासभत्ता, समितीतल्या प्राध्यापकांचा कार्यभार, पदाधिकाऱ्याच्या बायोडेटात पडणारी ओळ, ही सगळी आडवाटेची मिळकतच आहे.

क्रिकेटचेच दुसरे उदाहरण आपल्या पुण्यातले आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण ते दोन्ही बाजूंना टोचते. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात आधी पारशांच्या मैदानावर आणि नंतर गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात महिना तीन-चार रुपयांवर ते कामाला होते. खेळपट्टी लोटायची, दोर लावायचे, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावाला गोलंदाजी टाकायची. कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या कसलेल्या फलंदाजाला दिवसेंदिवस चेंडू टाकून बाळूंचा डावखुरा हात असा तयार झाला की १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्या क्लबात हौशी खेळाडू म्हणून त्यांना कोणी दारात उभे केले नसते. आत जाण्याचे एकच दार त्यांच्यासाठी होते आणि ते पगारी कामाचे होते. मानधनामुळे दार उघडते, हे याहून स्पष्ट कसे सांगता येईल?

मात्र या कहाणीचा दुसरा अर्धा भाग माझ्या बाजूच्या लोकांनी विसरू नये. पूना क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, पण त्यांच्या हाती कधी बॅट दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांसाठी होती आणि गोलंदाजी हे राबण्याचे काम होते. मानधनावरच्या समन्वयकाच्या बाबतीत माझी खरी भीती ही आहे. एकदा त्याला तासाचे पैसे दिले की ‘आता ते तुझे काम आहे’ असे म्हणून खुर्च्या लावण्यापासून सतरंज्या झटकण्यापर्यंत सर्व काही त्याच्यावर ढकलले जाईल, उरलेले विद्यार्थी मोकळेपणाने फक्त ‘कलावंत’ होतील, आणि ज्या मुलाला आत आणण्यासाठी दार उघडले तो आत येऊन हमाली करत बसेल. संबळ वाजवणारा मुलगा समन्वयक झाला आणि महोत्सवात त्याचा संबळ कोपऱ्यात पडून राहिला, तर आपण मिळवले काय? म्हणून या पदाच्या कामाची यादी लिखित हवी, आठवड्याच्या तासांना वरची मर्यादा हवी आणि समन्वयकाला स्पर्धक म्हणून उतरण्याचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला हवा. नेपथ्य उचलणे, खुर्च्या लावणे, सभागृह झाडणे हे पूर्वीसारखे सगळ्यांनी मिळून करावे. त्यात जे शिक्षण आहे ते सगळ्यांच्याच वाट्याला येऊ द्यावे. दुसऱ्या पक्षाचा ‘मग सगळ्यांनाच द्या’ हा हट्टही इथेच गळून पडतो. तालमीत घाम गाळणारा स्वतःच्या नाटकासाठी राबत असतो. समन्वयक दुसऱ्यांच्या नाटकांसाठी, दुसऱ्यांच्या नृत्यांसाठी आणि बहुधा त्याने कधी न पाहिलेल्या रांगोळीच्या संघासाठी राबतो.

यापेक्षा गंभीर आक्षेप स्वातंत्र्याचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. जो पैसे देतो त्याचेच ऐकावे लागते. विद्यापीठाने मानधन दिले की समन्वयक विद्यापीठाचा माणूस होईल. एखाद्या संहितेवर कार्यालयाने नाक मुरडले, कोणा संघटनेने दम भरला, तर विद्यार्थ्यांची बाजू घेऊन उभे राहण्याऐवजी तो ‘वरून सांगितलंय’ एवढेच सांगायला येईल. हे होऊ शकते. पण आजचा बिनपगारी समन्वयक स्वतंत्र आहे काय? स्पर्धेच्या खर्चासाठी तो ज्या स्थानिक पुढाऱ्याकडे प्रायोजकत्व मागायला जातो, ज्याचा चेहरा मग फ्लेक्सवर नाटकाच्या नावापेक्षा मोठा छापावा लागतो, त्याचे तो ऐकत नाही काय? ज्या विद्यार्थी संघटनेने त्याला पदापर्यंत पोचवले तिचे? ब्रिटिश संसदेत खासदारांना वेतन असावे ही मागणी मताधिकारासाठी लढणाऱ्या कामगारांच्या चळवळीने, म्हणजे चार्टिस्टांनी, १८३८ मध्ये केली आणि ती मान्य व्हायला १९११ साल उजाडावे लागले. तेव्हा वर्षाला ४०० पौंड मंजूर झाले. विरोधकांचे म्हणणे हेच होते की वेतनामुळे लोकसेवेचा धंदा होईल. वस्तुतः वेतन नव्हते तेव्हा खासदार होते ते जमीनदार आणि सधन लोक, किंवा मग ज्यांचा चरितार्थ कामगार संघटनांच्या वर्गणीवर चाले असे मजुरांचे प्रतिनिधी. आणि १९०९ मध्ये एका न्यायालयीन निकालाने संघटनांचा तो पैसा बेकायदा ठरवला तेव्हा या प्रतिनिधींच्या पायाखालची वाळूच सरकली. बिनपगारी माणूस कोणाचाच नसतो असे नाही. तो कोणाचा आहे हे फक्त कुठल्या नोंदवहीत सापडत नाही.

तेव्हा स्वातंत्र्य राखायचे असेल तर मानधन काढून घेऊन ते राखले जात नाही. नेमणूक आणि बडतर्फी कोणाच्या हाती आहे यावर ते ठरते. मानधन विद्यापीठाच्या निधीतून यावे, पण निवड नोंदणीकृत कलामंडळांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने करावी आणि समन्वयकाला मुदतीआधी काढायचे असेल तर तेही त्यांनीच काढावे. ब्रिटनमध्ये विद्यार्थी संघांचे काही पदाधिकारी पूर्ण वेळ पगार घेऊन वर्षभर काम करतात, आणि १९९४ च्या तिथल्या शिक्षण कायद्याने दोन अटी घातल्या आहेत: प्रमुख पदांसाठी गुप्त मतदान आणि अशा पदावर एकूण दोन वर्षांहून अधिक न राहणे. आपल्याकडे दुसऱ्या अटीची गरज कदाचित अधिक आहे, कारण वर्षानुवर्षे ‘एटीकेटी’वर महाविद्यालयात मुक्काम ठोकून कलामंडळ चालवणारे दादालोक प्रत्येक शहराने पाहिले आहेत. महाराष्ट्रात तर या निवडीला आणखी एक महत्त्व आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याच्या काळात विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष निवडणुका थांबल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद परत आली, अंमलबजावणी मात्र रेंगाळत राहिली. विद्यार्थ्यांनी निवडलेला प्रतिनिधी जिथे जवळजवळ दिसतच नाही, तिथे कलामंडळांना स्वतःचा एक तरी माणूस निवडता यावा, ही काही मोठी मागणी नव्हे.

अलीकडे एक मधला मार्ग सुचवला जातो: पैसे नकोत, श्रेयांक (क्रेडिट) द्या. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत सहअभ्यासक्रमाला जागा आहेच, त्यात हे काम बसवले की झाले. सूचना वरकरणी सोयीची आहे, पण श्रेयांकाने खानावळीचे बिल भागत नाही. शिवाय पदवीला लागणारे श्रेयांक ठरलेले असतात. एनसीसी करून, राष्ट्रीय सेवा योजनेचे १२० तास भरून किंवा योगासने करूनही ते मिळतात, मग रोज संध्याकाळ खर्ची घालणारे हे काम कोणी का पत्करावे? आणि श्रेयांक द्यायचे म्हणजे मूल्यमापन आले, मूल्यमापन आले म्हणजे शिक्षकाची मर्जी आली. स्वातंत्र्याच्या नावाने मानधनाला विरोध करणाऱ्यांनीच गुणपत्रिकेची दोरी कार्यालयाच्या हाती द्यावी, हे मला अनाकलनीय वाटते.

राहिला खर्चाचा प्रश्न. मानधनाचे पैसे शेवटी नाटकांच्या आणि नृत्यांच्या तुटपुंज्या तरतुदीतूनच कापले जातील ही शंका बरोबर आहे, आणि तसे होणार असेल तर माझाही विरोध राहील. पण आकडा मांडून तर पाहू. आठवड्याला १० तास, वर्षातले ३० आठवडे आणि तासाला ६० रुपये धरले तर वर्षाचे १८,००० रुपये होतात. दर दुप्पट केला तर ३६,०००. महोत्सवाच्या उद्घाटनाचा मंडप, पाहुण्यांच्या शाली आणि स्मृतिचिन्हे, प्रवेशद्वारापासून सभागृहापर्यंतचे फ्लेक्स, यांची बिले ज्यांनी पास केली आहेत त्यांनी या आकड्याकडे पाहून छातीवर हात ठेवून सांगावे की तो परवडत नाही. वशिलेबाजी होईल, बोगस तास लावले जातील, ही भीतीही निराधार नाही. विद्यार्थ्यांच्या नावाने पैसे काढण्याचे प्रकार आपल्या शिक्षणसंस्थांना नवीन नाहीत. त्यावरचा इलाज कंटाळवाणा आहे आणि तोच चालतो: कामाची रोजची नोंदवही, दर महिन्याला कलामंडळांच्या बैठकीत तिचे वाचन आणि मंजुरी. ही नोंदवही आणखी एका कारणासाठी हवी. दर वर्षी एक तुकडी बाहेर पडते आणि तिच्याबरोबर तबलजीचा फोन क्रमांक, सभागृहाच्या डिमरमधला बिघाड, कुठल्या टेबलावर अर्ज अडतो याचे ज्ञान, सगळेच बाहेर पडते. पुढची तुकडी पुन्हा पहिल्यापासून ठेचा खाते. पैसे घेणाऱ्या समन्वयकाकडून शेवटच्या महिन्याच्या मानधनाआधी ही वही आणि वस्तूंची यादी पुढच्याच्या ताब्यात देण्याची अट घालता येते. फुकट राबणाऱ्याला असली अट कोणत्या तोंडाने घालणार?

एक गोष्ट मात्र करू नये. हे पद गरजू विद्यार्थ्याला मदत म्हणून देऊ नये. मदतीसाठी शिष्यवृत्त्या आहेत आणि त्या वेळेवर मिळाल्या तर पुष्कळ झाले. समन्वयकाचे पद ज्याला काम येते त्याला मिळावे, मग तो डॉक्टरांचा मुलगा असो की ऊसतोड कामगाराचा. मानधनाने साधायचे ते एवढेच की दुसऱ्याला अर्ज करताना आधी पोटाचा विचार करावा लागू नये. गरिबीच्या दाखल्यावर दिलेल्या पदावरच्या मुलाला कार्यालयातला शिपाईही मोजत नाही, आणि ज्याचे शब्द कोणी मोजत नाही तो सभागृहाची किल्ली वेळेवर आणू शकत नाही.

या सगळ्यासाठी नवी योजना जन्माला घालण्याचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवून शिकण्याला महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. आज आपल्या विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना त्यांचेच नाव सांगत चालतात. त्यात विद्यार्थी बागेला पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तके लावतात, कार्यालयात संगणकावर नोंदी करतात आणि त्याचे तासावर पैसे घेतात. ग्रंथालयातले पुस्तक योग्य फळीवर ठेवणे हे काम आहे आणि चाळीस विद्यार्थ्यांचे अर्ज, वाद्ये, संहिता व तालमी योग्य वेळी योग्य ठिकाणी पोचवणे हा छंद आहे, असे मानण्याला मला तरी कुठलाही आधार सापडत नाही. योजनेच्या कामांच्या यादीत ‘कलामंडळ समन्वय’ हा एक प्रकार घालायला विद्यार्थी विकास मंडळाचा एक ठराव पुरेसा आहे, आणि त्याच्या खर्चाचे स्वतंत्र लेखाशीर्ष अर्थसंकल्पात दाखवण्याची मागणी अधिसभेतला कोणताही सदस्य करू शकतो. तसे करताना टेम्पोवाल्यासाठी थोडी आगाऊ रोख रक्कम समन्वयकाच्या नावे मंजूर करण्याचे कलमही त्याच ठरावात घालून घ्यावे. नाहीतर मानधन हाती पडेल आणि ते पुन्हा टेम्पोच्या भाड्यातच जाईल.